घरचा कुळाचार पुढच्या पिढीच्या हाती कसा सोपवावा

सासूबाईंचे वर्षश्राद्ध झाल्यानंतर आलेल्या पहिल्या चंपाषष्ठीला, म्हणजे आमच्या कुलदैवताच्या, खंडोबाच्या सणाला, मी स्वयंपाकघरात परात पुढ्यात घेऊन बराच वेळ नुसती बसून राहिले होते. दिवे बाजरीच्या पिठाचे करायचे की कणकेचे, पाच करायचे की सात, तळी, म्हणजे देवापुढचे भरलेले ताम्हन, उचलायला घरात तीनच पुरुष असले तर चालते की शेजारून दोघांना बोलवावे लागते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मला खात्रीने देता येत नव्हते. त्या घरात मी तीस वर्षे वावरले होते आणि तीस चंपाषष्ठ्यांचे भरीत-रोडगे माझ्याच हातचे होते. परंतु देवापुढची मांडणी सासूबाई करत आणि आम्ही सगळे हात जोडून उभे राहत असू. त्याच संध्याकाळी बंगळुरूहून मुलाचा फोन आला. "आई, आपल्याकडे आज नक्की काय काय असते? मला इथे थोडे तरी करायचे आहे," असे त्याने विचारले. त्याला या गोष्टींची आस्था नाही, अशी माझी आजवरची समजूत होती. आस्था त्याच्याकडे होती. त्याच्या ओंजळीत घालण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

पुढील लेखन त्या दिवसापासून मी जे विचारून घेतले, लिहून काढले आणि नातवंडांबरोबर करून पाहिले, त्यावर आधारलेले आहे. हिंदू धर्मात सर्वांना बंधनकारक असा एकच ग्रंथ नाही आणि आठवड्यातून एकदा सर्वांनी एका ठिकाणी जमण्याचा नेमही नाही. मराठी घरातल्या मुलापर्यंत हा धर्म पोहोचतो तो कुळाचे दैवत, गावचे दैवत, वर्षभराचे सण, पितरांची नावे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असलेले अभंग यांच्या वाटेने. "मुलांना हिंदू धर्म शिकवायचा आहे" असे म्हणून जे पालक एकदम धर्माची प्राचीनता आणि थोरवी सांगू लागतात, त्यांच्या मुलांना अभिमान मिळतो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून करायचे काय, हे मिळत नाही. म्हणून सुरुवात आपल्या घरापासून करावी आणि त्यासाठी आधी आपण स्वतः शिकावे, असे माझे ठाम मत आहे.

आधी वही करावी

जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी वही घ्यावी आणि घरातील व भावकीतील जी ज्येष्ठ माणसे हयात आहेत त्यांच्याकडे जाऊन बसावे. "आपला कुळाचार काय?" असे मात्र विचारू नये, कारण त्याचे उत्तर बहुतेक वेळा "विशेष काही नाही, सगळ्यांसारखेच" असे मिळते. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेक महिना घेऊन बारीक प्रश्न विचारावेत. नागपंचमीला विळी-सुरी बंद असते का आणि तवा चढवतात का; गौरी मुखवट्यांच्या, तेरड्याच्या की नदीवरून आणलेल्या खड्यांच्या; घटाची माती कुठून आणतात, त्यात कोणते धान्य पेरतात आणि माळ कशाची असते; गोंधळ लग्नानंतरच घालतात की अधूनमधूनही; बोडण भरतात का; पितृपक्षात तिथी कोणाची आणि कोणती भाजी त्या दिवशी वर्ज्य असते; अशा प्रश्नांना नेमकी उत्तरे मिळतात आणि एका उत्तरातून दुसरी आठवण निघते.

काही गोष्टी विचारून कळतच नाहीत. माझ्या थोरल्या नणंदबाईंना दिव्यांची संख्या फोनवर आठवेना. मी त्यांच्याकडे जाऊन बाजरीचे पीठ, ताम्हन, विड्याची पाने, सुपारी, खोबरे आणि भंडारा असे सगळे समोर मांडले, तेव्हा त्यांनी न बोलता पाच दिवे वळले, पाचही वाती एका दिशेला केल्या आणि मग म्हणाल्या, "आई असेच करायची." तळीचा प्रश्नही तिथेच सुटला. माणसे विषम असावीत, पाचच हवीत असे नाही, तिघांनी ताम्हन तीनदा उचलून "सदानंदाचा येळकोट" म्हटले तरी आमच्या घरी चालत असे. तेव्हापासून मी ज्येष्ठांना सांगायला लावण्यापेक्षा करायला लावते आणि मोबाईलवर त्यांच्या हातांचे चित्रण करून ठेवते. चित्रण करताना चेहऱ्यावर कॅमेरा धरला की माणूस संकोचतो, हातांवर धरावा.

वहीत नावांसाठी स्वतंत्र पाने ठेवावीत. श्राद्धात वडील, आजोबा आणि पणजोबा अशा तीन पिढ्यांचा उच्चार वसु, रुद्र आणि आदित्य या रूपांत होतो; तसाच आई, आजी आणि पणजी यांचाही होतो आणि आईच्या माहेरच्या पुरुषांचाही होतो. विवाहातही वधूवरांचा उल्लेख अमक्याचा पणतू, अमक्याचा नातू, अमक्याचा पुत्र असाच करतात. गुरुजी नावे विचारतात आणि तिशीतला शिकलेला मुलगा पणजोबांपाशी अडखळतो, हे दृश्य मी अनेक घरांत पाहिले आहे. स्त्रियांची नावे लिहिताना सासरच्या नावाबरोबर माहेरचे नाव आणि गावही लिहावे, कारण लग्नात नाव बदलल्यामुळे दोन पिढ्यांनंतर ती स्त्री कोठून आली हे कोणालाच सांगता येत नाही. गोत्र, देवक, कुलदेव, कुलदेवी आणि मूळ गावचे ग्रामदैवत यांची नोंद त्याच पानावर करावी. काही घराण्यांत गोत्र सांगतात, काहींत देवक अधिक महत्त्वाचे मानतात, तर काहींना गोत्र ठाऊकच नसते; अशा वेळी काश्यप गोत्र सांगण्याची जुनी पद्धत आहे आणि त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

नावे घरात मिळाली नाहीत तर त्र्यंबकेश्वर किंवा नाशिक येथील तीर्थोपाध्यायांकडे चौकशी करावी. यात्रेकरूंच्या नामावळीच्या वह्या तेथे पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या असतात आणि आडनाव व मूळ गाव सांगितले की आपल्या घराण्याचे उपाध्याय कोण, हे कळते. आम्ही त्र्यंबकला गेलो तेव्हा नातू बरोबर होता. उपाध्यायांनी उघडून दाखवलेल्या पानावर माझ्या आजेसासऱ्यांच्या हातची मोडी लिपीतील नोंद होती. त्याला त्यातले एक अक्षरही वाचता आले नाही, तरी तो त्या पानावरून बोट फिरवत बसला आणि निघताना त्याच वहीत त्याने स्वतःचे नाव देवनागरीत लिहिले.

नैवेद्याच्या पाककृती लिहिताना "अंदाजाने" हा शब्द टाळावा. पुरणाला डाळ किती, गूळ किती, मोदकाच्या उकडीला पाणी किती, हे एकदा मोजून लिहावे. आणखी एक सूचना करते. प्रत्येक रीतीपुढे "असे का?" अशी एक ओळ सोडावी आणि कारण ठाऊक नसेल तर "ठाऊक नाही" असे प्रामाणिकपणे लिहावे. बनवलेल्या कारणापेक्षा ती रिकामी ओळ बरी.

मुलाच्या हाताला कायमचे काम द्यावे

वही हे मोठ्यांचे काम झाले. मुलांपर्यंत धर्म पोहोचतो तो हाताने, आणि आपण नेमके तेच त्यांच्या हातातून काढून घेतो. गणपतीच्या सकाळी घाई असते, मूल गंध उगाळायला बसते, सहाण ओली करून सगळीकडे पाणी सांडते आणि घरातील कोणीतरी म्हणते, "राहू दे, मी करते." हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा उच्चारलेले आहे. ते घरात उच्चारायचे नाही, असा नियम आता आम्ही केला आहे. त्यामुळे आरतीला अर्धा तास उशीर होतो आणि तो आम्ही होऊ देतो.

काम कायमचे असावे, आज एक आणि उद्या दुसरे असे नसावे. चार-पाच वर्षांच्या मुलाला दूर्वा निवडून एकवीसची जुडी बांधता येते, आरतीत घंटा वाजवता येते आणि दिवेलागणीला शुभंकरोती म्हणता येते. आठ-नऊ वर्षांचे मूल गंध उगाळते, देवाची भांडी घासते आणि नैवेद्याचे पान वाढते. पाण्याने चौकोनी मंडल करून त्यावर पान ठेवणे, वर मध्यभागी मीठ, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये भाताची मूद आणि त्यावर वरण व तूप, शेवटी तुळशीचे पान, ही मांडणी मुलांना चित्र काढल्यासारखी आवडते. बाराव्या-तेराव्या वर्षी पार्थिव गणेशाची पूजा पोथी समोर ठेवून पूर्णपणे मुलाकडून करवून घ्यावी. एखादा उपचार मागेपुढे झाला तर त्याला अडवू नये.

मुलग्यांनी देवघरात आणि मुलींनी स्वयंपाकघरात, ही वाटणी मोडावी, असे मी आग्रहाने सांगते. कुळाचाराचा अर्धा भाग स्वयंपाकघरात असतो आणि तो आजवर सासूकडून सुनेकडे गेला. मुलगा घरातच राहिला पण त्याला पुरण येत नाही, आणि मुलगी परक्या घरी गेली म्हणून तिच्या माहेरचा कुळाचार तिच्याबरोबर संपला, असे दुहेरी नुकसान आपण करून घेतले आहे. आमच्या घरी रोडगे आता मुलगा भाजतो. मुलगी कॅनडात आहे. ती तिच्या सासरची मंगळागौर करते आणि चंपाषष्ठीला आमची तळीही उचलते. तळी पुरुषांनीच उचलावी असा जुना दंडक होता. तिच्या घरी ती, तिचे यजमान आणि नात अशी तिघे मिळून उचलतात आणि मला त्यात देवाचा काही अवमान झालेला दिसत नाही.

जे म्हणायचे ते समजून म्हणावे

आपली मुले आरत्या पाठ म्हणतात, परंतु त्यांना शब्द ऐकू येतात तसे म्हणतात आणि बहुतेक मोठी माणसेही तेच करतात. समर्थ रामदासांच्या "सुखकर्ता दुःखहर्ता" या आरतीत "वार्ता विघ्नाची" येथे आपण चालीमुळे थांबतो, म्हणून गणपती म्हणजे विघ्नाची वार्ता, असा भलताच अर्थ कानावर पडतो. पुढचा शब्द "नुरवी" आहे, म्हणजे उरू देत नाही. विघ्नाची वार्ताही जो उरू देत नाही आणि ज्याची कृपा प्रेम पुरवते, असे ते वाक्य आहे. "फणिवरबंधना" या शब्दाचे घरोघर "फळीवर वंदना" होते. ज्याच्या कमरेला श्रेष्ठ सर्पाचा बंध आहे तो, असा त्याचा अर्थ आहे. "संकटी पावावे" याचे "संकष्टी पावावे" झालेले तर सर्वांनीच ऐकले असेल. आम्ही गणेशोत्सवाच्या आधीच्या श्रावणात दर शनिवारी एकच कडवे घेतो, मुलांना त्यातील न कळलेले शब्द खाली रेघ मारून दाखवायला सांगतो आणि मग अर्थ लावतो. "दास रामाचा वाट पाहे सदना" या ओळीत कवीने आपले नाव घातले आहे, हे कळल्यावर नातवाने विचारले की, "म्हणजे तो घरी बसून गणपतीची वाट पाहत होता, आपल्यासारखाच?" इतके कळले की पाठांतराची सक्ती करावी लागत नाही.

आरत्यांच्या शेवटी म्हटले जाणारे "घालीन लोटांगण" हे समजावून सांगण्याजोगे आहे. त्याचे पहिले कडवे मराठी आहे आणि पुढची चार संस्कृत आहेत. त्यांपैकी "कायेन वाचा" हा भागवताच्या अकराव्या स्कंधातला श्लोक थोड्या पाठभेदाने आलेला आहे, "अच्युतं केशवं" हे शंकराचार्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या अच्युताष्टकातले आहे आणि "हरे राम" हा मंत्र कलिसंतरण उपनिषदातला आहे. मंत्रपुष्पांजलीतील "यज्ञेन यज्ञमयजन्त" ही ऋचा थेट ऋग्वेदातील पुरुषसूक्ताची आहे. म्हणजे घरच्या गणपतीपुढे दहा मिनिटे उभे राहणारे मूल वेद, उपनिषद, पुराण आणि मराठी संतवाणी या सर्वांना एका दमात स्पर्श करते. हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

संकल्पाकडे तर फारच दुर्लक्ष होते. गुरुजी भराभर म्हणतात आणि यजमान पळीभर पाणी सोडतो. वास्तविक संकल्प म्हणजे मी कोण, कोठे आणि केव्हा आहे, याचा पूर्ण पत्ता आहे. ब्रह्मदेवाच्या परार्धापासून, श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर आणि कलियुग असे करत तो शालिवाहन शकाच्या चालू संवत्सरापर्यंत, मास, पक्ष, तिथी आणि वारापर्यंत खाली येतो; आणि स्थळाच्या बाबतीत जंबुद्वीपापासून भरतखंड, दंडकारण्य आणि "गोदावर्याः दक्षिणे तीरे" येथपर्यंत येतो. आम्ही भारताचा नकाशा जमिनीवर पसरला, गोदावरी शोधली आणि आपले घर तिच्या दक्षिणेला आहे हे नातवंडांना बोट ठेवून दाखवले. शालिवाहन शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की बहुतेक वर्षभर इसवी सन येतो, संवत्सरांची नावे साठ आहेत आणि ती फिरून येतात, हे गणित मुलांना फार आवडते. गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात, हे सांगितले की पंचांग आकाशाशी जोडले जाते; त्या दिवसांत संध्याकाळी नैर्ऋत्येकडे वृश्चिक रास दिसते आणि ही तिन्ही नक्षत्रे त्याच राशीच्या अंगावर ओळीने दाखवता येतात, मात्र त्यासाठी पाऊस उघडलेला असावा लागतो.

प्रश्नांची उत्तरे

मुले प्रश्न विचारतात, हे सुदैव समजावे. "मूर्तीत देव आहे तर तो पाण्यात का सोडायचा?" या प्रश्नाचे उत्तर पूजेतच आहे. मातीच्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठेने देवाला बोलावले जाते, उत्तरपूजेने निरोप दिला जातो, अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित हलवली जाते आणि त्यानंतर जी पाण्यात जाते ती माती असते. विसर्जनाच्या वेळी रडणाऱ्या मुलाला हा क्रम आधी दाखवून ठेवलेला असला तर त्याला पुष्कळ धीर येतो.

काही उत्तरे टाळावीत, असे मला अनुभवाने वाटते. प्रत्येक रीतीमागे "शास्त्रीय कारण" सांगणारे संदेश मोबाईलवर फिरत असतात आणि घंटेच्या नादाने मेंदूत अमुक होते, कुंकवाने तमुक ग्रंथी जागृत होते, असे त्यांत लिहिलेले असते. चौदा वर्षांचे मूल ते पाच मिनिटांत पडताळून पाहते, खोटे निघाले की आपल्याला सांगतही नाही, आणि त्यानंतर आपण सांगितलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास उडतो. आपण कुंकू लावतो कारण ते सौभाग्याचे आणि देवीचे चिन्ह मानले आहे, हे उत्तर पुरेसे आहे आणि खरे आहे.

जे चुकीचे होते ते चुकीचे होते, असेही सांगावे. पंढरपुरात नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे. तेथे मुलांना उभे करून, ज्याचे अभंग आपण म्हणतो त्याला मंदिरात पाऊल का टाकू दिले नाही, हे सांगितले पाहिजे. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून १९३० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण केले, हाही आपल्या धर्माचा इतिहास आहे आणि तो मुलांना घरातूनच कळावा. बाहेरून कळला तर घरच्यांनी लपवला, असे त्यांना वाटते, आणि ते खरेच असते. आमच्या घरात मासिक पाळीच्या दिवसांत मी वीस-पंचवीस वर्षे बाजूला बसले. नातीला ते करायला लावणार नाही, हे मी वहीत "बंद केलेल्या रीती" या मथळ्याखाली, तारीख घालून लिहिले आहे.

आपल्या धर्माची ओळख दुसऱ्याच्या धर्माची निंदा करून देऊ नये. असे शिकवलेल्या मुलाजवळ शेवटी निंदाच उरते, पूजा उरत नाही. खंडोबाचीच गोष्ट पाहा: म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक आणि बाणाई धनगराची. इतक्या वेगवेगळ्या माणसांना एका भंडाऱ्याने पिवळे करणाऱ्या देवाची गोष्ट सांगायला दुसऱ्याला नावे ठेवण्याची गरज पडत नाही.

देवाच्या गावी न्यावे

वर्षातून एकदा कुलदैवताला जावे आणि त्या प्रवासात दुसरे पर्यटन जोडू नये, एवढेच सांगते. जेजुरीला मुलांना पायऱ्या चढू द्याव्यात. नवरदेव नव्या नवरीला उचलून पाच पायऱ्या चढतो, त्या जागी त्यांच्या आईबाबांची आणि आजीआजोबांची तशीच आठवण सांगावी. आषाढी वारीचा एक टप्पा तरी मुलांसह चालावा. ज्ञानोबांच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत दिवेघाट चढणे लहान मुलांना जड जाते, पण आळंदीहून पुण्यापर्यंतच्या वाटेतले दोन-तीन कोस बहुतेकांना जमतात, आणि अनोळखी माणूस आपल्या पाया पडतो आणि आपण त्याच्या, हा अनुभव दुसरीकडे कोठेही मिळत नाही.

गोव्याच्या मंगेशी आणि कवळे या गावी गेलात तर तेथील देव मूळचे तेथले नाहीत, हे मुलांना सांगावे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा मंगेश कुठ्ठाळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून नदीपलीकडे, पोर्तुगिजांच्या ताब्यात नसलेल्या अंत्रुज महालात आणली गेली. घरदार आणि जमीन मागे राहिली, माणसांनी देव तेवढा बरोबर घेतला. माझ्या नातीने त्यावर विचारलेला प्रश्न मी अजून विसरलेले नाही: "आपल्याला असे एका रात्रीत निघावे लागले, तर देवघरातले काय काय न्यायचे, हे आपण ठरवले आहे का?" आम्ही ठरवलेले नव्हते. त्या दिवशी ठरवले. टाक (पत्र्यावर उठवलेल्या देवांच्या प्रतिमा), बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि वही.

परदेशात राहणाऱ्यांसाठी

तिथी राहत्या गावच्या सूर्योदयावरून धरावी आणि संकल्पात गोदावरीच्या ठिकाणी आपल्या प्रदेशाचे व जवळच्या नदीचे नाव घ्यावे. तेथील मराठी पुरोहित तसे करतातच. दूर्वा मिळाल्या नाहीत तर अक्षता वाहाव्यात. मूर्ती मुलांकडून मातीची करवून घ्यावी आणि घरीच बादलीत विसर्जित करून ते पाणी कुंडीला घालावे. मुलांची मराठी मोडकी असली तरी आरती देवनागरीतच वाचायला शिकवावी, कारण रोमन अक्षरांतून शिकलेला "ळ" पुन्हा जागेवर येत नाही. मंडळाच्या गणेशोत्सवावर सर्व भार टाकू नये. मंडळात मुले प्रेक्षक असतात, घरी ती यजमान होतात. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसला मजुरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांच्या आजच्या पिढ्या घरात बहुधा क्रिओल बोलतात, तरी गणेश चतुर्थी त्यांनी सोडली नाही आणि त्या देशात तो सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे. बोटीने गेलेल्या त्या मजुरांपाशी पोथ्या किती असतील? जे होते ते त्यांना हाताने करता येत होते.

तरुण मुले नाही म्हणतात तेव्हा

सोळा ते पंचवीस या वयात बहुतेक मुले देवघराकडे पाठ फिरवतात. या काळात वाद घालू नये, रोजच्या पूजेचा आग्रह धरू नये आणि "आमच्या वेळी" असे म्हणून तुलना तर मुळीच करू नये. वर्षातला एकच दिवस मागून घ्यावा. आम्ही मुलाकडे चंपाषष्ठी मागितली होती. श्रद्धा असो वा नसो, त्या दिवशी घरी असायचे किंवा फोनवर असायचे. देव मानत नाही असे त्याने स्पष्ट सांगितले, तेव्हा त्याच्या वडिलांनी फक्त एवढे म्हटले की, "तू मानत नसशील तर तळीला माणूस कमी पडेल, तेवढ्यापुरता ये." तो आला, दरवर्षी आला, आणि पुढे ज्या संध्याकाळी त्याने मला बंगळुरूहून फोन केला तेव्हा त्याचे लग्न होऊन वर्ष झाले होते.

सून दुसऱ्या प्रांतातली किंवा दुसऱ्या जातीतली असेल तर तिच्या माहेरचा कुळाचारही वहीत लिहावा. आमची सून कन्नड आहे. तिच्या आईकडची वरमहालक्ष्मी आणि आमचे खंडोबाचे षड्रात्र, दोन्ही त्यांच्या घरी होतात. कर्नाटकात खंडोबाला मैलार म्हणतात, हे तिच्याच वडिलांनी आम्हाला सांगितले.

हयातीतच सोपवावे

शेवटची गोष्ट फार जणांकडून राहून जाते. देव मृत्यूनंतर वाटले जातात आणि त्या वेळी घरात कोणीही ऐकण्याच्या स्थितीत नसते. आपले हातपाय चालत असताना एक सण ठरवून मुलांच्या घरी हलवावा आणि आपण तेथे पाहुणे म्हणून जावे. पहिल्या वर्षी न बोलता बसणे फार कठीण जाते. मुलांनी विचारले तरच सांगावे. दोन भावंडांची घरे वेगळी असतील तर मूळ टाक एकाकडे ठेवून दुसऱ्यासाठी सोनाराकडून त्याच मापाचे नवे टाक घडवून घ्यावेत, जुन्या आणि नव्या टाकांना एकत्र अभिषेक करावा, दोन्ही जेजुरीला नेऊन देवाची भेट करवावी आणि मगच ते आपापल्या देवघरात बसवावेत. वहीची प्रतही दोन घरांसाठी दोन करावी, छापील न करता हाताने उतरवून, आणि ती उतरवण्याचे काम नातवंडांना द्यावे. आमच्याकडे ते सध्या चालू आहे. नातू भाद्रपदापर्यंत आला आहे आणि खड्यांच्या गौरी म्हणजे नेमके किती खडे, हे विचारण्यासाठी त्याने मला कालच फोन केला होता.